तिरंगी, चौरंगी, पंचरंगी

एखाद्या अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत किती संघांना प्रवेश द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यवस्थापकांच्या सोयीचा वाटतो. मैदानें किती, दिवस किती, तिकिटांचें उत्पन्न किती, एवढा हिशेब मांडला कीं उत्तर मिळालें, अशी सामान्य समजूत असते. परंतु थोडा खोल विचार केल्यास या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आढळतो. तो असा कीं, संघ कोणाचा म्हणावयाचा? गांवाचा, शाळेचा, कॉलेजाचा, कचेरीचा, कीं जातिधर्माचा? पहिल्या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांत देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र समाज स्वतःकडे कोणत्या दृष्टीनें पाहतो यावर अवलंबून राहतें. दुसरा प्रश्न न सोडवितां पहिल्याचेंच उत्तर देत गेलें म्हणजे काय होतें, याचा धडा आमच्या मुंबई शहरानें १८९२ पासून १९४६ पर्यंत क्रिकेटच्या मैदानावर गिरविलेला आहे. त्याची उजळणी करण्याचा आमचा येथें विचार आहे.

संघसंख्या वाढविण्याचा वाद जगांत नवा नाहीं. अमेरिकेंतील कॉलेजांच्या बास्केटबॉल अजिंक्यपदाचेंच उदाहरण घेऊं. १९३९ सालीं ही स्पर्धा ८ संघांनीं सुरू झाली. १९५१ सालीं १६, १९७५ सालीं ३२, १९८५ सालीं ६४ आणि २०११ सालीं ६८ अशी ती संख्या चढत गेली. बाद पद्धतीच्या स्पर्धेचें गणित अगदीं सोपें आहे. प्रत्येक सामन्यांत एक संघ बाहेर पडतो. म्हणून जितके संघ, त्याहून एक कमी इतके सामने खेळावे लागतात. ४, ८, १६ अशा दुपटीच्या संख्या असल्या म्हणजे सर्वांना सारखीच वाट चालावी लागते. मधलीच संख्या आली कीं कोणास तरी न खेळतां पुढें चाल द्यावी लागते. अशा प्रत्येक वाढीच्या वेळीं दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, दुबळे संघ आल्यानें स्पर्धेचें तेज कमी होईल. दुसरा म्हणतो, दार उघडल्यावांचून दुबळा सबळ होणार कसा? वाद कितीही तापला तरी संघ कॉलेजाचा असावा याविषयीं तेथें दुमत नसतें. म्हणून तो वाद संख्येपुरताच राहतो. मुंबईंत तसें घडलें नाहीं.

मुंबईंतील एतद्देशीयांमध्यें क्रिकेटचा छंद प्रथम पारशी तरुणांनीं घेतला. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. पुढें १८८६ आणि १८८८ सालीं पारशांचे संघ इंग्लंडला जाऊन आले. आणि १८९० च्या जानेवारींत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर त्यांनीं व्हर्नन यांच्या इंग्लिश संघास ४ गडी राखून हरविलें. १८७५ सालीं स्थापन झालेला हा जिमखाना गोऱ्यांचा. तेथें एतद्देशीयांस सभासदत्व नव्हतें. पाहुण्या साहेबांस पारशी हरवूं शकतात हें दिसल्यावर घरच्या साहेबांनीं त्यांच्याशीं खेळणें ओघानेंच आलें. लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असतांना, १८९२ पासून, युरोपियन विरुद्ध पारशी असे ‘प्रेसिडेन्सी सामने’ मुंबई व पुणें येथें होऊं लागले.

त्याच सुमारास दुसरीहि एक गोष्ट घडली, आणि आमच्या मतें तीच पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. गिरगांव चौपाटीपासून दक्षिणेकडे, रेल्वेच्या रुळांपलीकडे, समुद्रकांठच्या मोकळ्या जमिनीवर सरकारनें जिमखान्यांस जागा दिल्या. पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदु जिमखाना १८९४ चा. इस्लाम जिमखानाहि त्याच रांगेंतला. पुढें समुद्र मागें हटवून मरीन ड्राइव्ह झाला. तरी हे तिन्ही जिमखाने आजहि ओळीनें उभे आहेत. जागा मिळाली ही आनंदाची गोष्ट खरी. गिरगांवच्या चाळींतून बॅट घेऊन निघालेल्या पोराला हक्काचें मैदान मिळालें, हें आम्ही विसरूं इच्छीत नाहीं. परंतु जमीन देतांना जो गज वापरला गेला तो जमातीचा होता. ज्याला खेळावयाचें असेल त्यानें आधीं आपली जमात सांगावी, मग मैदान मागावें, असा तो व्यवहार होता. मैदानें ज्या मापानें वांटलीं गेलीं, त्याच मापानें पुढें संघहि कापले गेले.

पहिली वाढ झाली ती हिंदूंच्या प्रवेशानें. १९०६ च्या फेब्रुवारींत बॉम्बे जिमखान्यावर हिंदू व युरोपियन समोरासमोर आले. हिंदूंनीं २४२ व १६०, तर युरोपियनांनीं १९१ व १०२ धावा केल्या. हिंदू १०९ धावांनीं विजयी झाले. जे अजून स्पर्धेच्या दाराबाहेर उभे होते त्यांनींच घरधन्याला हरविलें. नवा भिडू घेतल्यानें खेळाचा दर्जा घसरतो, या युक्तिवादाला याहून चोख उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. १९०७ पासून सामने तिरंगी झाले. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. या चौथ्या संघास विजेतेपदासाठीं १९२४ पर्यंत वाट पाहावी लागली. पण त्या बारा वर्षांच्या पराभवांतूनच तो घडला. पुढें वझीर अली, मुश्ताक अली यांच्यासारखे फलंदाज त्या संघास लाभले. तेव्हां संख्यावाढीनें खेळाचें नुकसान झालें असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. चार हा आंकडाहि सोयीचा होता. दोन उपान्त्य सामने, एक अंतिम सामना, आणि कोणास फुकट पुढें चाल नाहीं.

या दोन वाढींच्या मध्यें, १९०९ सालीं, मोर्ले-मिंटो सुधारणांनीं मुसलमानांसाठीं स्वतंत्र मतदारसंघ दिले. मैदानावरून कायदेमंडळ झालें किंवा कायदेमंडळावरून मैदान, असा कार्यकारणभाव जोडण्याचा आमचा हेतु नाहीं. विचाराची तऱ्हा मात्र दोन्हीकडे एकच होती. हिंदुस्थान म्हणजे जमातींची मोट. प्रत्येक जमातीला एकेक आसन दिलें म्हणजे न्याय झाला, अशी ती तऱ्हा. तिच्यांत एक मोठें व्यंग होतें. जमात ही आंतून एकजिनसी आहे असें ती गृहीत धरीत होती.

तें गृहीत किती खोटें होतें, हें बाळू पालवणकर यांच्या चरित्रावरून कळतें. धारवाडास जन्मलेला, पुण्यास वाढलेला हा चर्मकार कुटुंबांतील तरुण प्रथम मैदानाची निगा राखण्याच्या अल्प वेतनाच्या नोकरीवर लागला. पूना क्लबांत सरावासाठीं साहेबांना चेंडू टाकतां टाकतां त्याची डावखुरी गोलंदाजी अशी तयार झाली, कीं पुण्याच्या हिंदु क्लबास त्याला घेतल्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. त्यानें टाकलेला चेंडू सर्वजण हातांत धरीत. चहा मात्र त्याला मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यांत मिळे. पुढें बाळू मुंबईस आले आणि हिंदु जिमखान्याचा आधार झाले. १९०६ च्या त्या सामन्यांत ते व त्यांचे बंधु शिवराम हे दोघेहि हिंदूंच्या बाजूनें खेळले होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालीं जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्यांत सर्व सामने मिळून बाळूंनीं ११४ बळी घेतले. त्या दौऱ्यांत इतकें यश दुसऱ्या कोणाच्याहि वांट्यास आलें नाहीं.

एवढें होऊनहि हिंदु संघाचें नायकत्व बाळूंना कधीं मिळालें नाहीं. १९२० सालीं चौरंगी सामन्यांच्या वेळीं त्यांना संघांतून वगळलें गेलें आणि नायकत्वासाठीं त्यांच्या भावांचाहि विचार झाला नाहीं. तेव्हां शिवराम व विठ्ठल या दोघां बंधूंनीं संघांतून अंग काढून घेतलें. वृत्तपत्रांतून बराच गहजब झाला. अंतिम सामन्यास बाळूंना उपनायक नेमण्यांत आलें आणि भाऊ परत आले. शेवटीं १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हिंदूंचे नायक झाले, व त्याच वर्षीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले. विठ्ठलांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘माझें क्रीडा-जीवन’ या आत्मचरित्रामुळें ही हकीकत मराठी वाचकास घरच्या माणसाच्या तोंडून ऐकावयास मिळते. बाहेरचें दार एकामागून एक जमातीसाठीं उघडत होतें. आंतल्या एका दाराची कडी मात्र खेळाडूंना स्वतःच काढावी लागली. ती कडी काढण्याचें काम संघसंख्या वाढवून होण्यासारखें नव्हतेंच.

असे हे सामने मुंबईचा मोठा उत्सवच होऊन बसले होते. गिरगांव, परळ, दादर येथून लोक लोटत; झाडांवर, गच्च्यांवर माणसें चढत; पुढें रेडिओवरून सामन्याचें वर्णनहि होऊं लागलें. सविनय कायदेभंगामुळें १९३० ते १९३३ हीं चार वर्षें सामने बंद राहिले. १९३४ सालीं ते पुन्हां सुरू होतांच गर्दी पूर्ववत् जमली. १९३७ सालीं चर्चगेटजवळ ब्रेबोर्न स्टेडियम उभें राहिलें, आणि त्याच वर्षीं सामने पंचरंगी करण्यांत आले. पांचव्या संघाचें नांव ‘द रेस्ट’, म्हणजे ‘बाकीचे’. हिंदी ख्रिस्ती, यहुदी आणि आधींच्या चार खणांपैकीं कोणत्याच खणांत न बसणारे इतर, असे सारे त्यांत यावयाचे होते.

या पंचरंगी सामन्यांचा आरंभच मोठा बोधप्रद आहे. नव्या स्टेडियमांत प्रत्येक जिमखान्यास किती जागा मिळाव्या यावरून तंटा झाला आणि हिंदूंनीं त्या वर्षीं खेळण्याचें नाकारलें. म्हणजे पांचवा संघ आला त्याच वर्षीं एक जुना गेला, आणि पंचरंगी म्हणून जाहीर झालेले सामने चारच संघांत झाले! मैदानावरच्या जागांची वांटणी संपली, तों प्रेक्षकांच्या खुर्च्यांची वांटणी पुढें आली. एकदां जमात हेंच माप ठरलें म्हणजे तें गवतावर थांबत नाहीं. तिकिटांपर्यंत आणि खुर्च्यांपर्यंत पोंचतेंच.

‘बाकीचे’ या नांवाचाहि थोडा विचार करावा. ज्यांच्यासाठीं दार उघडलें, त्यांना दारावर स्वतःचें नांव मिळालें नाहीं. इतरांची वजाबाकी करून जें उरलें, तेंच त्यांचें नांव झालें. या उरलेल्यांतच विजय हजारे होते. सांगलीस जन्मलेले, मराठी बोलणारे हे ख्रिस्ती खेळाडू. १९४३ च्या हंगामांतील अंतिम सामन्यांत हिंदूंनीं ५ बाद ५८१ वर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. ‘बाकीच्यां’चा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावांत त्यांनीं ३८७ केल्या, आणि त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! त्यांचे बंधु विवेक यांच्याबरोबर त्यांनीं ३०० धावांची भागी केली, तींत विवेक यांच्या धावा अवघ्या २१ होत्या. सामना हिंदूंनीं एक डाव व ६१ धावांनीं जिंकला. तरी लोकांच्या ध्यानांत राहिले ते हजारेच.

आतां याच्या शेजारीं दुसरें एक चित्र ठेवून पाहावें. १९३४-३५ सालीं रणजी करंडकाचे सामने सुरू झाले. पहिल्या वर्षीं १५ संघ होते, आणि ते प्रामुख्यानें प्रांतांचे व संस्थानांचे होते. त्या स्पर्धेंत १९३९-४० सालीं याच हजाऱ्यांनीं पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, त्या महाराष्ट्राच्या संघातर्फें, प्रो. दि. ब. देवधर यांच्या नायकत्वाखालीं. एका स्पर्धेंत जो मनुष्य ‘बाकीच्यां’पैकीं एक, तोच दुसऱ्या स्पर्धेंत महाराष्ट्राचा त्रिशतकवीर! के. सी. इब्राहीम यांचेंहि तसेंच. १९४४ च्या पंचरंगी अंतिम सामन्यांत त्यांच्या नाबाद १३७ धावांमुळें मुसलमानांनीं हिंदूंवर एक गडी राखून विजय मिळविला. आणि तेच इब्राहीम रणजी करंडकांत मर्चंट यांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईसाठीं खेळत. माणूस तोच, बॅट तीच, मैदानहि पुष्कळदां तेंच. माप बदललें कीं प्रतिस्पर्धी सहकारी होतो.

ही गोष्ट त्या काळच्या लोकांस दिसत नव्हती असें नाहीं. १९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याचें शिष्टमंडळ वर्ध्यास गांधीजींना भेटलें. देशांतील सत्याग्रही तुरुंगांत असतां आणि जगांत युद्ध पेटलें असतां असले उत्सव करावे, हें गांधीजींना रुचलें नाहींच; पण त्यांनीं याहूनहि मूलगामी आक्षेप घेतला. कॉलेजांचे व संस्थांचे सामने आपण समजूं शकतों, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठीं, हें आपणांस कधींच कळलें नाहीं, अशा आशयाचें मत त्यांनीं दिलें. त्या वर्षीं हिंदूंचा संघ मैदानांत उतरला नाहीं. संघसंख्येच्या वादांत न शिरतां गांधीजींनीं संघाच्या मापावरच बोट ठेवलें, हें त्यांच्या उत्तराचें मर्म होय.

सामन्यांच्या पुरस्कर्त्यांचीहि बाजू होती, आणि ती टाकाऊ नव्हती. ते म्हणत, येथें चुरस असते, वैर नसतें. हिंदु प्रेक्षक मुश्ताक अलींच्या फटक्यांवर टाळ्या पिटतो आणि मुसलमान प्रेक्षक नायडूंच्या षट्कारांवर. शिवाय रणजी करंडकाच्या सामन्यांस गर्दी जमत नाहीं, पंचरंगीस जमते. प्रेक्षकांवांचून खेळ जगणार कसा? यांतील वस्तुस्थिति आम्हांस मान्य आहे. परंतु गर्दी हें स्पर्धेच्या गोडीचें प्रमाण झालें, तिच्या योग्यतेचें नव्हे. आणि गोडीचा तरी हिशेब पाहावा. पंचरंगी सामने एकंदर आठ वेळां झाले. ते आठहि वेळां हिंदू किंवा मुसलमान यांपैकींच कोणी तरी जिंकले. जिच्यांत दारें पांच आणि विजेते दोनच, ती स्पर्धा हळूहळू त्या दोघांच्याच सामन्याचें रूप घेते; आणि बाहेर राजकारणांतहि त्या वर्षांत तेच दोघे समोरासमोर उभे केले जात होते. १९४२ सालीं चळवळीमुळें सामने झाले नाहींत. १९४५-४६ चा हंगाम शेवटचा ठरला. १९४६ सालीं पंचरंगी सामने कायमचे बंद झाले.

बंद होण्यानें मुंबईचें क्रिकेट ओसाड पडलें काय? उलट झालें. शाळांसाठीं हॅरिस ढाल होतीच. विद्यापीठांसाठीं रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ पासून सुरू झाला होता. कचेऱ्यांसाठीं टाइम्स ढाल होती. १९४८ पासून क्लबांसाठीं डॉ. कांगा यांच्या नांवाची, भर पावसाळ्यांत खेळली जाणारी साखळी स्पर्धा आली. शिवाजी पार्क, दादर युनियन अशीं नांवें त्यानंतर घरोघर झालीं. गिरगांव व मरीन लाइन्स येथें असलेलें खेळाचें केंद्र दादर-माटुंग्याकडे सरकलें, तें या नव्या मापांच्या आधारावर. आणि गंमत अशी कीं, या मापानें संघसंख्या कितीहि वाढविली तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं. रणजी करंडकाचे संघ १५ वरून २०१८-१९ सालीं ३७ झाले व पुढल्याच वर्षीं ३८ झाले. दुबळे संघ आले, मोठमोठे पराभव झाले, दर्जावरून कुरबुरीहि झाल्या. म्हणून सबळ व नवोदित असे गट पाडले गेले. परंतु अमका खेळाडू कोणत्या खणांत घालावा हा प्रश्न तेथें उद्भवला नाहीं; कारण नागालँड किंवा पुदुचेरी यांपैकीं कोणीच ‘बाकीचे’ या नांवानें आलें नाहीं.

पालवणकर बंधूंनीं ज्यासाठीं झगडा केला, तें केवळ एका संघांतील आसन नव्हतें. खेळणाऱ्यास त्याच्या खेळावरून ओळखावें, एवढेंच त्यांचें मागणें होतें. तें मागणें तिरंगीनें पुरें झालें नाहीं, चौरंगीनें झालें नाहीं, पंचरंगीनें तर त्याला आणखी एक खण जोडला. कोणतीहि स्पर्धा, मग ती कॉलेजांची असो, शहरांची असो वा राष्ट्रांची असो, वाढविण्याचा विचार निघेल तेव्हां किती संघ घ्यावे याच्या आधीं संघ कशावरून ओळखावा, हें व्यवस्थापकांनीं ठरवावें. पहिलें चुकलें तर एका हंगामांत दुरुस्त करतां येतें. दुसरें चुकल्यावर तें सुधारण्यास आमच्या शहराला अर्धशतक लागलें.